कोण भरतं?

चिसेन्जे, २८ जुलै

सुझगो,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र जोहान्सबर्गच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. फाडण्याआधी एवढंच वाच: मला तुझ्याकडून काही नको. पैसे नकोत, औषधं नकोत, तुझे जुने कोटही नकोत. एक बातमी द्यायची आहे, आणि ती तुलाच द्यायची आहे.

आईच्या मातीला आलास तेव्हा सगळ्या सोयऱ्यांसमोर तू म्हणालास, "ताईचा रेडिओ म्हणजे भीक मागून आणलेला आवाज. गोऱ्यांनी हात आखडता घेतला की दुसऱ्या दिवशी मुका होईल." मी तुला घराबाहेर काढलं. तू माझा फोन उचलणं सोडलंस. सहा वर्षं झाली. फिटंफाट.

तर ऐक. गोऱ्यांनी हात आखडता घेतला आहे.

देशात काय चाललंय ते तिकडच्या पेपरात आलंच असेल. डिझेल नाही, साखर नाही, पंपावर गाड्यांच्या रांगा सरोवराच्या काठापर्यंत. महिन्याच्या सुरुवातीला आपल्याकडेही मोर्चा निघाला. कचेरीसमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन पोरं गेली. त्यातला एक मुखाटा न्हाव्याचा मुलगा. आठवतो का मुखाटा? तुझं पहिलं टक्कल त्यानंच केलं होतं. मग परदेशी सरकारांनी सगळ्या देशाची मदत थांबवली आणि त्या धक्क्यानं आमच्यासारखी लहानसहान भांडीही कलंडली. इंग्रिडबाईंचा फोन आला. गेली नऊ वर्षं आमचं डिझेल, पगार, छपराचे पत्रे सगळं त्यांच्याच संस्थेकडून यायचं. बाई चांगल्या आहेत, फोनवर रडल्या. म्हणाल्या, "हा तात्पुरता विराम आहे, लुसुंगु."

मी म्हटलं, "बाई, जनरेटरला विराम कळत नाही."

शेवटचा डबा ओतायच्या दिवशी मी माइकवर खरं ते सांगून टाकलं: "मंडळी, उद्यापासून सरोवर रेडिओ ऐकू आला नाही तर तुमचा संच बिघडला असं समजू नका. आमचं डिझेल संपलंय." एवढंच. मागितलं काही नाही. मुन्थालींच्या घरात मागायची पद्धत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर न्याम्हांगो बसलेली. तीच, बाजारात उसिपाची सुकी मासळी विकते, जिच्या जिभेला सगळा बाजार भितो. पुढ्यात डिझेलचा छोटा डबा. म्हणाली, "नवऱ्याच्या बोटीतलं काढून आणलंय. तो विचारेल तर सांग, चोर आला होता." तिच्यामागे सायकल-टॅक्सीवाले, मग कसाव्याची टोपली घेऊन डोंगराकडच्या बायका. कसाव्यावर जनरेटर चालत नाही, पण आमचा मेकॅनिक गोंडवे चालतो. त्यानं पगाराऐवजी कसावा घ्यायचं कबूल केलंय. म्हणतो, "इंग्रिडबाईंच्या पगारानं मला पित्त व्हायचं."

आज दहावा दिवस. आम्ही बोलतोय.

एवढंच कळवायचं होतं. अक्षर वाकडं आलंय. हात जरा अवघडलाय.

लुसुंगु


चिसेन्जे, १९ ऑगस्ट

सुझगो,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण ड्रायव्हर म्हणाला, पत्र तू त्याच्यासमोर उभ्या उभ्या वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि विचारलंस, "हात कशानं अवघडला?"

मोडला आहे. मोर्चात मी होते. पोलिसाची काठी दुसऱ्या कुणावर पडणार होती, मध्ये माझा हात आला. डाव्या हातानं लिहिते आहे. प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. आता हा विषय संपला.

आमचा नवा कार्यक्रम सुरू झालाय: "कोण भरतं?" कल्पना न्याम्हांगोची, तीही भांडणातून निघालेली. नगरपालिकेचा वसुली कारकून रोज बाजारात येतो आणि टोपलीमागे पावती फाडतो. परवा ती त्याच्यावर ओरडली, "मासा विकला जावो न जावो, पावती फाडतोसच! आणि वर सरकार म्हणतं, गोऱ्यांनी पैसे थांबवले म्हणून दवाखान्यात हातमोजे नाहीत. मग माझे पैसे कुठल्या दवाखान्यात जातात रे?" मी तिला तशीच उचलून माइकसमोर बसवली.

आता रोज एकजण येतो आणि आपण काय काय कर भरतो ते सांगतो. मंदाझीचे गोड गोळे तळणारी म्हणाली, मी तेलावर भरते, पिठावर भरते, साबणावर भरते आणि बसायच्या जागेवर भरते. सायकल-टॅक्सीवाला म्हणाला, "मी शाळेत गेलो नाही, मला वाटायचं कर भरणं हे शिकलेल्यांचं काम. आता कळलं, मी तर लहानपणापासून शिकलेलाच आहे!" लोक रेडिओभोवती कोंडाळं करून हसतात. पण हसून झालं की बोटांवर हिशेब करू लागतात. नऊ वर्षं मी त्यांना ऐकवत आले की आपला गरीब देश, आपण मदतीवर जगतो. पहिल्यांदाच त्यांना कळतंय की ओंजळ दुसऱ्याची असली, तरी तिच्यातलं बरंचसं पाणी आपलंच आहे.

आणि मग कुणीतरी विचारणारच होतं. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "काठावरची काळी वाळू उपसून ट्रक भरभरून सीमेपार नेतात, ते काय भरतात?"

मला माहीत नव्हतं. नगरपालिकेला विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. मी माइकवर सांगितलं, "आम्ही विचारून सांगतो."

चौथ्या दिवशी ती वाळू उपसणाऱ्या खाणीचे जनसंपर्क अधिकारी म्सिस्कासाहेब दारात हजर. आपल्याच भागातले, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आणि मला माहेरच्या नावानं हाक. "न्यामुन्थाली, तुमच्या जिद्दीचं आमच्या साहेबांना फार कौतुक. वर्षभराचं डिझेल, नवा ट्रान्समीटर, वर पत्रे. फक्त तो एक कार्यक्रम जरा..."

गोंडवे मागे उभा होता. नवा ट्रान्समीटर म्हटल्यावर त्याच्या घशातून असा आवाज निघाला, जसा लग्नातला मटणाचा वास आल्यावर उपाशी माणसाच्या घशातून निघतो. मी म्हटलं, "साहेब, आमच्यावर उपकार नको. तुम्ही कार्यक्रमाला या. तुम्हीही सांगा, कोण भरतं."

गंमत पुढेच आहे. त्याच आठवड्यात इंग्रिडबाईंचा निरोप आला. पैसे पुन्हा सुरू होऊ शकतील, पण वातावरण निवळेपर्यंत राजकारणाचे विषय नकोत. हात धुण्याच्या सवयीवर मालिका करावी. बाईंचा दोष नाही, त्यांनाही वरून कुणीतरी सांगतं. मी कळवलं, "हात आम्ही धुतोच. इथे हात धुऊन घेतले ते दुसऱ्यांनी. त्यांची मालिका संपली की तुमची करू."

ते उत्तर गोंडवेला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, एका आठवड्यात दोन लक्ष्म्या परत पाठवणारी बाई मी आजवर पाहिली नाही. आता निदान कसावा तरी परत पाठवू नकोस."

लुसुंगु


चिसेन्जे, १४ सप्टेंबर

सुझगो,

हे पत्र बसून वाच.

काल म्सिस्का कार्यक्रमाला आला. अर्धा तास गोड गोड बोलला. खाणीनं शाळेला फुटबॉल दिले, विहीर खणली, मुखाटाच्या मुलाच्या मातीला मक्याची पोती पाठवली. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं दान. कर किती भरला?"

म्हणाला, "आम्हाला सरकारनं दहा वर्षांची करमाफी दिली आहे. कायदेशीर आहे."

"आणि खाणीनं जिल्ह्याला द्यायचा वाटा? तो तर माफ नाही."

"तो नफ्यावर असतो, न्यामुन्थाली. खाण अजून तोट्यात आहे."

बाहेर न्याम्हांगो खिडकीला चिकटून ऐकत होती. ती ओरडली, "तोट्यात आहे तर ट्रक परत फिरवा! आमची वाळू आम्हाला द्या, तुमचं दुःख हलकं होईल!" सगळ्या जिल्ह्याला ऐकू गेलं. लोक हसले, आणि म्सिस्काचा गोडवा तिथंच संपला.

तो माइकजवळ सरकून म्हणाला, "तुम्हाला आमच्या हिशेबांची शंका असेल तर घरातच विचारा की. जोहान्सबर्गला आमच्या कराचं सगळं काम तुमचे सख्खे भाऊच बघतात. श्री. सुझगो मुन्थाली."

मला माहीत नव्हतं, सुझगो. तू मोठ्या कंपनीत आहेस, कराचे सल्ले देतोस, इतकंच माहीत होतं. कुणाला देतोस ते नव्हतं.

रेडिओवर गप्प राहणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही. खोलीत माणूस गप्प राहिला तर एक माणूस गप्प असतो. माइकवर गप्प राहिलं की सगळा जिल्हा तुमच्याबरोबर श्वास रोखून धरतो. गोंडवेनं गाणं लावायला हात पुढे केला. मी त्याचा हात धरला.

मी म्हणाले, "उत्तम झालं. म्हणजे माहितगार माणूस घरचाच निघाला. मंडळी, माझा भाऊ याच सरोवराच्या काठी वाढलाय. तो फटकळ आहे, हट्टी आहे, माझ्याशी सहा वर्षं बोललेला नाही. पण लहानपणापासून आजवर मी त्याला खोटं बोलताना ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, तो याच कार्यक्रमात फोनवरून उत्तर देईल."

तुला न विचारता तुझा शब्द मी देऊन बसले. माफी मागणार नाही. त्या क्षणी माझ्याजवळ द्यायला तेवढंच होतं.

बाजारात लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. कुणी म्हणतं, चोराची बहीण कोतवाल झाली. मी मान खाली घातलेली नाही. न्याम्हांगोनं मला एकटीला गाठून विचारलं, "तो फोन करेल?"

"करेल."

"आणि नाही केला तर?"

"तर माझा भाऊ वारला असं समज."

ती म्हणाली, "अगं बाई, असं अभद्र बोलू नये." मग थोड्या वेळानं, "वारला तर मातीला मासळी माझ्याकडून."

तू मला भिकारी म्हणालास. मी तुला काही म्हणणार नाही. नोकरी जाऊ शकते, हे मला समजतं. घरी मुलं आहेत, हेही समजतं. नंबर खाली दिला आहे. शनिवार, दहा वाजता.

ताई


चिसेन्जे, ५ ऑक्टोबर

सुझगो,

हे पत्र उशिरा लिहिते आहे, त्याचं कारण शेवटी सांगते. आधी तुला दिसलं नाही ते दाखवते. तुला फोनमधून फक्त माझा आवाज येत होता. इकडे काय चाललं होतं ते तुझ्यापर्यंत कसं पोचणार?

नऊ वाजल्यापासून बाजारात विक्री बंद. दुकानांच्या फळ्यांवर संच ठेवलेले. सायकल-टॅक्सीवाल्यांनी सायकली आडव्या टाकून रस्ताच अडवला, म्हणजे ट्रकच्या आवाजानं काही ऐकायचं राहायला नको. दहा वाजले. फोन नाही. मी गाणं लावलं. आणखी एक लावलं. गोंडवे माझ्याकडे बघेना. मी तिसरं गाणं शोधत होते आणि फोन वाजला.

तुझा आवाज जाड झालाय रे. वडिलांसारखा.

तू म्हणालास, "मी कुणाचे कागद उघडणार नाही. तो माझा धंद्यातला शब्द आहे. पण रीत सांगतो. ही रीत सगळीकडे एकच आहे, आणि ती मला पाठ आहे. बाजारात न्याम्हांगो आहे का?" ती खिडकीत होतीच. "समजा, न्याम्हांगोनं आपली मासळी स्वतःच्याच मावशीला मातीमोलानं विकली. मावशी दूरच्या एका बेटावर राहते, तिथं कर नाही. मावशीनं तीच मासळी पुढे चौपट भावानं विकली. इकडे न्याम्हांगो वसुली कारकुनाला म्हणते, बाबा, मला तर तोटाच झाला, काय देऊ? कारकून बघतो, खरंच तोटा! आणि मावशी आणि न्याम्हांगोचं घर मात्र एकच."

न्याम्हांगो खिडकीतून किंचाळली, "माझी मावशी इतकी हुशार असती तर मी आज बोटींची मालकीण असते! माझी मावशी उधार नेते ती परत करत नाही!" बाजार कोसळला हसून. तूही हसलास. मी ऐकलं.

मग मी विचारलं, "हे कायद्यात बसतं?"

तू म्हणालास, "बसवता येतं. बसवून देण्याचाच मला पगार मिळतो." मग म्हणालास, "ताई, सहा वर्षांपूर्वी मी तुझ्या रेडिओला भिकेचा आवाज म्हणालो होतो. ज्यांच्या मदतीवर तो चालला, त्यांनी या देशाला जेवढं दिलं, त्याहून जास्त पैसा मी आणि माझ्यासारखे लोक शांतपणे बाहेर काढून देतो. मग भिकारी कोण ते ठरवा. जिल्ह्यानं एकच प्रश्न विचारावा: वाळू कुणाला विकता आणि तो तुमचा कोण लागतो? त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल."

फोन ठेवल्यावर मुखाटा न्हावी आत आला, त्यानं माझ्या मोडून बऱ्या झालेल्या हातावर हात ठेवला आणि बाहेर गेला. मी कार्यक्रम संपवला नीट, नेहमीच्या शब्दांत. एवढी मी पक्की आहे.

दुपारी सार्जंट हुकूम घेऊन आला: परवान्याच्या अटी मोडल्या, रेडिओ बंद. दाराला कुलूप लागलं. तोवर शंभरेक बायका चितेन्जेची लुगडी अंथरून रस्त्यात बसल्या होत्या. सार्जंट म्हणाला, "उठा, नाहीतर उचलावं लागेल." न्याम्हांगो म्हणाली, "उचल की. तुझा पगार आमच्या पावतीतून जातो, आज पहिल्यांदा त्याचं काम तरी कर." तो बिचारा उन्हात उभा राहिला. कुणाला उचललं नाही.

मला मात्र नेलं. दोन दिवस कचेरीतल्या कोठडीत होते, म्हणून पत्राला उशीर. काही त्रास झाला नाही. बायकांनी इतका मक्याचा न्सिमा आणि मासळी पाठवली की शिपाई म्हणाले, न्यामुन्थाली, आणखी आठवडाभर राहा.

सुझगो, आपल्या आईला दोनच मुलं झाली. त्या शनिवारी मला वाटलं, तिचं काहीच वाया गेलं नाही.

ताई


चिसेन्जे, ९ डिसेंबर

प्रिय सुझगो,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांत पहिलं, आणि तेही चार ओळींचं! "नोकरी गेली. मुलांना घेऊन कुठं यायचं कळत नाही. तोंड कसं दाखवू?" हे कसलं लिहिणं! तोंड तुझं सगळ्या जिल्ह्यानं ऐकलंय, आता दाखवायला कसली लाज?

इकडचं सांगते. म्झुझू शहरातल्या कोर्टानं कुलूप काढायला लावलं. कुलूप निघालं तेव्हा आत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. गोंडवेनं तीन दिवस खपून त्या जोडल्या, मग आम्ही पुन्हा बोलू लागलो. सरकारला आमचा पुळका आला असं समजू नकोस. परदेशी मदत अजून बंद आहे, तिजोरी रिकामी आहे, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की पैसे घरातच आहेत. राजधानीतून माणसं आली आणि त्यांनी खाणीला तुझाच प्रश्न विचारला: तो तुमचा कोण लागतो? करमाफी अजून उठलेली नाही. ते संसदेत अडलंय, आणि आमच्या हयातीत सुटेल की नाही सांगता येत नाही. म्सिस्काही अजून तिथंच आहे, इस्त्रीचाच शर्ट घालतो. पण जिल्ह्याचा वाटा खाणीला भरावा लागला. यंदाचा आणि मागचाही.

त्यातून पहिलं काय झालं सांगू? बाळंतिणींची खोली. दिवा, पाणी, हातमोजे आणि दोन सुईणींचे पगार. परवा उद्घाटनाला नगराध्यक्ष म्हणाले, दारावर पाटी हवी. दवाखान्याच्या बाकी सगळ्या खोल्यांवर आहेत, अमक्या देशाच्या जनतेची भेट, तमक्या संस्थेचं दान. इथे काय लिहायचं? बराच वेळ वाद झाला. शेवटी काहीच लिहिलं नाही. मुखाटा म्हणाला, "आपल्या घराच्या दारावर कुणी लिहितं का, हे माझ्या पैशानं बांधलं म्हणून?" त्या कोऱ्या दाराकडे बघत मी जितकी ताठ उभी राहिले, तितकी आयुष्यात कधी राहिले नव्हते.

इंग्रिडबाईही आल्या होत्या, स्वतःच्या खर्चानं. न्याम्हांगोनं त्यांना जेवायला नेलं आणि पैसे घेतले नाहीत. बाई परत रडल्या. त्यांचं तसंच आहे.

आता तुझं. काल नगरपालिकेची सभा होती. खाण दरवर्षी हिशेब देणार, पण ते वाचणार कोण? आमच्यात ती विद्या नाही. एक सभासद म्हणाला, परदेशातून तज्ज्ञ मागवू, एखादी संस्था त्याचा खर्च करेल. मी उठणार होते, पण न्याम्हांगो आधीच उठली होती. म्हणाली, "संस्था कशाला? ज्यानं मावशीची गोष्ट सांगितली त्याला बोलवा. पगार आमच्या बाजाराच्या पावतीतून द्या. पगार आमचा असला म्हणजे त्याच्यावर ओरडायचा हक्कही आमचा."

ठराव झाला. विरोधात एकच हात होता, वसुली कारकुनाचा. त्याला वाटलं, आता त्याचेही हिशेब कुणीतरी वाचेल.

पगार थोडा आहे. तिकडे तू जेवणावर उडवत असशील तेवढा. पण तो कुणाची मदत नाही, कुणाचं दान नाही, आणि तात्पुरता विरामही त्याला लागत नाही. न्याम्हांगो रोज पहाटे मासळी वाळवते, त्यातून तो येतो.

सोमवारच्या बसनं निघ. मुलांना सरोवराचं पाणी पहिल्या दिवशी सोसणार नाही, उकळून ठेवते.

तुझी,
ताई